प्रेक्षकाची लेखणी

(शाळेच्या वार्षिक स्मृति-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले होते. आज सभागृहात बसलेल्यांपैकी पुष्कळांना त्यांचा निबंधाचा तास आठवत असेल. दरवर्षी एकदा तरी ते ‘मी पाहिलेला सामना’ हा विषय देत. आम्ही मुले वर्तमानपत्रातील वाक्ये पाठ करून ती वहीत उतरवीत असू. ‘फलंदाजांनी गोलंदाजीची पिसे काढली’ असे लिहिले की आपण साहित्यिक झालो, अशी आमची समजूत. गुरुजी अशा वाक्याखाली तांबडी रेघ ओढीत आणि समासात एवढेच लिहीत : ‘हे तू पाहिलेस का?’

त्यांनी स्वतः पाहिलेला सामना मोठा होता. १९४७ च्या मार्च महिन्यात आपल्या या बडोद्यातच रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजारे यांच्या २८८, गुल महंमद यांच्या ३१९. पुढे २००६ साली श्रीलंकेच्या संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ धावा जोडीपर्यंत कोणत्याही गड्यासाठी तो जागतिक विक्रम होता. परंतु गुरुजी आकडे कधी सांगत नसत. ‘आकडे पुस्तकात आहेत’ म्हणत. ते सांगत, की भागी रंगू लागल्यावर ते आणि त्यांचा मित्र आपली जागा सोडायला तयार होईनात. उठलो तर गडी बाद होईल! तहान लागली तरी उठायचे नाही, आणि शेजाऱ्यालाही उठू द्यायचे नाही. पन्नास-साठ वर्षांनंतर मला त्या सामन्यातील एकही फटका आठवत नाही. उन्हात तहानलेले बसलेले दोन तरुण मात्र स्वच्छ दिसतात.

आज मी ज्या लेखकाविषयी बोलणार आहे, त्याने त्या दोन तरुणांच्या जागेवरून लिहिले. तो अमेरिकेतील बॉस्टन परिसरातला, त्याचा खेळ आपला नव्हे, त्याची भाषाही आपली नव्हे. त्याचे नाव बिल सिमन्स. इंटरनेटवर क्रीडाविषयक सदर लिहून तो नावारूपाला आला आणि जवळजवळ तीन दशके आपला वाचक टिकवून राहिला. मराठीच्या प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी आयुष्यभर कविता आणि कादंबरी शिकवली. वर्तमानपत्रातील क्रीडापृष्ठ हे साहित्य असू शकते, असे मी कधी मानले नाही. बॉस्टनला स्थायिक झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याने या गृहस्थांचे बास्केटबॉलवरील सातशे पानांचे पुस्तक मला आणून दिले, तेव्हा ते कित्येक महिने मी उघडलेही नाही. उघडल्यावर माझे मत बदलावे लागले. त्या बदलाची कारणे आपल्यापुढे मांडावीत, एवढाच माझा हेतू.

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेत क्रीडालेखनाची परंपरा जुनी आणि वैभवशाली आहे. ग्रँटलंड राइस (१८८०-१९५४) यांच्यासारख्या लेखकांनी खेळाडूंना पुराणातील वीरांची उंची दिली. हे लेखन होत असे पत्रकार कक्षातून. त्या कक्षाचा एक अलिखित नियम होता, आणि तो आजही मानला जातो : येथे बसून कोणीही टाळी वाजवायची नाही. कोणाचीही बाजू घ्यायची नाही. सामना संपला की लेखक खेळाडूंच्या खोलीत जाणार, त्यांच्याशी बोलणार आणि जे सामान्य माणसाला दिसत नाही ते वाचकाला सांगणार. लेखकाचा अधिकार या प्रवेशावर उभा होता. वाचक बाहेर, लेखक आत.

दूरदर्शनने या व्यवस्थेचा पाया हळूहळू पोखरला. घरोघरी सामने दिसू लागले, एकच फटका चार कोनांतून पुन्हा पुन्हा दाखवला जाऊ लागला. सकाळी वर्तमानपत्र हाती येईपर्यंत वाचकाने सर्व पाहिलेले असे. खेळाडूही पत्रकारांपुढे ठरावीक, सावध उत्तरे देऊ लागले. आत जाऊन आणण्यासारखे फारसे उरले नाही. अशा वेळी बाहेर बसलेल्या माणसाने लेखणी उचलली, तर तिला वाव होता. हा वाव सिमन्स यांनी ओळखला.

त्यांचा जन्म १९६९ चा. ते एकुलते एक. वडिलांनी १९७३ साली बॉस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाच्या सामन्यांचे हंगामी तिकीट घेतले आणि हा मुलगा वडिलांच्या मांडीवर बसून सामने पाहत वाढला. पुढील सर्व लेखनाची नाळ या एका आसनाशी आहे. १९९२ साली होली क्रॉस महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. तेथील विद्यार्थी-पत्रात ते सदर लिहीत. त्यानंतर बॉस्टन विद्यापीठातून पत्रकारितेची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ‘बॉस्टन हेरल्ड’ या दैनिकात उमेदवारी सुरू केली. काम शालेय सामन्यांचे निकाल दूरध्वनीवरून टिपून घेण्याचे, वरिष्ठांसाठी खाणे मागविण्याचे. सदर लिहिण्याची संधी केव्हा मिळेल? वरची माणसे निवृत्त होतील तेव्हा. १९९६ मध्ये ते नोकरी सोडून बाहेर पडले आणि एका मद्यगृहात पेये देण्याचे काम करू लागले.

१९९७ साली एका इंटरनेट कंपनीच्या बॉस्टन शहराविषयीच्या विभागात त्यांना ‘बॉस्टन स्पोर्ट्‌स गाय’ या नावाने सदर मिळाले. आरंभी ते केवळ त्या कंपनीच्या ग्राहकांनाच दिसे. म्हणून सिमन्स स्वतः तो मजकूर शंभरेक परिचितांना ई-मेलने पाठवीत. त्यांनी तो आपल्या मित्रांना पाठविला, आणि अनोळखी लोक ‘आमचेही नाव यादीत घाला’ म्हणून लिहू लागले. श्रोतेहो, हा शंभराचा आकडा कृपया लक्षात ठेवावा. शेवटी मला त्याच्याकडे परत यायचे आहे.

२००१ मध्ये ई. एस. पी. एन. या बलाढ्य क्रीडावाहिनीने आपल्या संकेतस्थळासाठी त्यांच्याकडून पाहुणे लेख मागविले. त्यांतील एक लेख रॉजर क्लेमन्स या बेसबॉल गोलंदाजावर होता. क्लेमन्स तेरा हंगाम बॉस्टनच्या रेड सॉक्स संघात खेळले, मग टोरांटोला आणि तेथून न्यूयॉर्क यांकीज या हाडवैऱ्याच्या संघात गेले. हा माणूस साक्षात सैतानाचा अवतार तर नव्हे, असा प्रश्न लेखाच्या शीर्षकातच होता. लेख गाजला आणि सिमन्स यांना कायमचे काम मिळाले. पत्रकार कक्षातील कोणत्याही सभ्य लेखकाने असे लिहिले नसते. परंतु बॉस्टनमधील प्रत्येक घरात जेवणाच्या टेबलावर लोक हेच म्हणत होते.

आता या लेखनाचे गुण पाहू. पहिला गुण : पक्षपात उघड होता. मी बॉस्टनचा, माझे संघ हे, माझे शत्रू ते, असे आरंभीच सांगून टाकलेले. दुसरा : भाषा बोलण्याची होती. मित्रांचे संवाद, वडिलांचे फोन, जुने चित्रपट, दूरदर्शनवरील मालिका, पैजा, सारे त्यात येई. तिसरा : विस्तार. छापील सदराला जागेची मर्यादा असते. इंटरनेटवर ती नव्हती. पाच-पाच हजार शब्दांचे लेख ते लिहीत आणि लोक कार्यालयात, काम बाजूला सारून, ते वाचत. चौथा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाचकांची पत्रे हा त्यांच्या सदराचा नित्याचा भाग होता. चमत्कारिक, विनोदी, कधी अगदी वेडगळ पत्रे ते छापीत आणि त्यांना उत्तरे देत. अशा लेखाच्या अखेरीस ‘हे माझे वाचक’ अशा आशयाची ठरलेली कबुली येई. तिच्यात थट्टा असे आणि अभिमानही.

पाचवा गुण अनुभवाला नाव देण्याचा. न्यूयॉर्कचा पॅट्रिक युइंग हा मोठा खेळाडू १९९९ मध्ये जायबंदी झाला, आणि त्याच्याविना त्याचा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. मोठा खेळाडू बाजूला झाल्यावर संघ कधीकधी अधिक चांगला का खेळतो? सिमन्स यांनी याला ‘युइंग सिद्धांत’ म्हटले, आणि ही कल्पना आपल्या मित्राची आहे, हेही सांगितले. एकदा नाव मिळाल्यावर वाचक स्वतः उदाहरणे शोधू लागले. चांगली समीक्षा हेच करते. वाचकाच्या हाती ती एक संज्ञा देते आणि मग बाजूला होते.

येथे मला माझ्या विषयाकडे वळण्याची परवानगी द्यावी. आपल्या काव्यशास्त्राने रसाचे स्थान सहृदय प्रेक्षकात मानले. अभिनवगुप्तांनी रसास्वादात येणारी सात विघ्ने सांगितली आहेत, आणि त्यांतील एक आहे ‘निजसुखादिविवशीभाव’. प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात इतका गुरफटलेला असतो, की समोरच्या प्रयोगाशी तो तन्मय होऊ शकत नाही. या कसोटीवर क्रीडाशौकीन हा सर्वांत वाईट प्रेक्षक ठरतो. त्याला आपला संघ जिंकायला हवा असतो. खेळाचे सौंदर्य प्रतिपक्षाने दाखवले तर ते त्याला दिसतच नाही. पत्रकार कक्षातील मौनाचा नियम हे या विघ्नावरचे जुने औषध होते. सिमन्स यांनी वेगळे औषध शोधले. त्यांनी आपला विवशीभाव लपविला नाही, त्यालाच पात्र बनवले. पराभवानंतर फोनवर सुस्कारे टाकणारे वडील, आपल्या न उठण्याने सामना फिरेल असे मानणारा लेखक, ही सारी पात्रे; आणि त्यांच्याकडे हसून पाहणारा लेखकच. स्वतःला हसता आले की स्वतःपासून थोडे दूर जाता येते. तेवढ्या अंतरात रस उत्पन्न होतो.

आता टिकावाचा प्रश्न. उदय पुष्कळांचा होतो. रेड सॉक्स संघाने १९१८ नंतर विश्वमालिका जिंकली नव्हती. सिमन्स यांच्या लेखनाचा स्थायीभाव हे पिढीजात दुःख होते. ऑक्टोबर २००४ मध्ये त्या संघाने यांकीजविरुद्ध पहिले तीन सामने गमावून पुढील चार ओळीने जिंकले, आणि मग विश्वमालिकाही चार-शून्य अशी जिंकली. शहाऐंशी वर्षांचे दुःख संपले. पुढच्या वर्षी सिमन्स यांच्या लेखांचा संग्रह निघाला. आता मी सुखाने डोळे मिटायला मोकळा, असा त्याच्या नावाचा आशय. पण विरहावर जगणाऱ्या कवीला मीलनानंतर काय लिहायचे, हा प्रश्न उरतोच. शिवाय त्याच दशकात बॉस्टनचे इतर संघही जिंकू लागले. बिचारा पराभूत शहरवासी ही भूमिका आता शोभेनाशी झाली.

सिमन्स यांनी ती भूमिका रेटत नेली नाही. ते इतिहासाकडे वळले. २००९ मधील ‘द बुक ऑफ बास्केटबॉल’ या ग्रंथात त्यांनी ९६ खेळाडूंचा पाच पातळ्यांचा पिरॅमिड रचला. जुन्या सामन्यांच्या चित्रफिती पाहून, जुनी पुस्तके वाचून केलेले ते काम आहे. अतिशयोक्ती आणि चावटपणा त्यात भरपूर आहे, काही विनोद आज वाचवत नाहीत. तरीही कष्ट खोटे नाहीत. त्यातील एक प्रसंग मला फार मोलाचा वाटला. आयझाया थॉमस या श्रेष्ठ खेळाडूची, संघचालक म्हणून त्याने केलेल्या चुकांबद्दल, सिमन्स यांनी वर्षानुवर्षे टिंगल केली होती. लास व्हेगासमध्ये दोघांची समोरासमोर गाठ पडली. थॉमस यांनी आधी जाब विचारला आणि मग या खेळाचे मर्म सांगितले : बास्केटबॉलचे रहस्य बास्केटबॉलमध्ये नाही, सोबत्यांसाठी स्वतःचा मोठेपणा बाजूला ठेवण्यात ते आहे. ज्याची चेष्टा केली त्याच्याकडूनच आपल्या ग्रंथाचे मध्यवर्ती सूत्र मिळाले, हे लेखक मोकळेपणाने सांगतो. तो ग्रंथ न्यूयॉर्क टाइम्सच्या यादीत अग्रस्थानी गेला.

टिकावाचे दुसरे कारण, त्यांनी इतरांसाठी जागा केली. वाहिनीच्या तिसाव्या वर्षानिमित्त २००९ मध्ये सुरू झालेल्या ‘थर्टी फॉर थर्टी’ या माहितीपटमालेच्या कल्पनेत त्यांचा मोठा वाटा होता. २०११ च्या जूनमध्ये त्यांनी ‘ग्रँटलंड’ हे संकेतस्थळ सुरू केले. पत्रकार कक्षातील त्या महापुरुषाचे नाव, आणि संपादक प्रेक्षकांतला! खेळ आणि लोकप्रिय कला यांवर लिहिणारे अनेक नवे लेखक तेथे घडले. तिसरे कारण, त्यांनी माध्यमाचा मोह धरला नाही. २००७ मध्येच ते ध्वनिमुद्रित गप्पांकडे वळले होते. ज्या लेखनाचा प्राण बोलणे होते, त्याला हे संक्रमण सोपे गेले.

परंतु व्याख्यात्याने केवळ स्तुती करावी, हे गुरुजींना चालले नसते. प्रेक्षकाच्या आसनात एक धोका आहे. तेथे बसलेल्याला जबाबदारी नसते. जानेवारी २०१४ मध्ये ग्रँटलंडने गोल्फची एक काठी बनविणाऱ्या संशोधक स्त्रीवर लेख प्रसिद्ध केला. ती पारलिंगी असल्याचे लेखकाला शोधकामात कळले होते आणि त्याने ते दुसऱ्यापाशी उघडही केले होते. लेख छापून येण्यापूर्वीच तिने आत्महत्या केली. तरीही लेख छापला गेला, आणि तिचे गुपित ही त्यातील उत्कंठेची जागा झाली. टीकेचा भडका उडाला. सिमन्स यांनी दीर्घ क्षमापत्र लिहून संपादक म्हणून दोष स्वीकारला. या विषयाची जाण असलेल्या कोणालाही आम्ही लेख दाखविला नाही, हे कबूल केले. कबुली प्रामाणिक होती. पण एक जीव गेला होता, आणि क्षमापत्राने तो परत येणार नव्हता. शंभर मित्रांना पत्रे लिहिणारा माणूस जेव्हा संस्थेचा प्रमुख होतो, तेव्हा ‘मी तर साधा शौकीन’ हे वाक्य त्याला आधार देऊ शकत नाही. या कथेतील ही सर्वांत कटु शिकवण आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरा प्रसंग घडला. एका फुटबॉलपटूने स्त्रीला केलेल्या मारहाणीच्या प्रकरणात राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे आयुक्त रॉजर गुडेल खोटे बोलत आहेत, असे सिमन्स यांनी आपल्या ध्वनिकार्यक्रमात ठणकावून सांगितले आणि वाहिनीला आव्हानही दिले. त्या संघटनेचे सामने दाखविणाऱ्या वाहिनीने त्यांना तीन आठवडे निलंबित केले. मे २०१५ मध्ये करार पुढे चालू ठेवणार नसल्याचे जाहीर झाले आणि ऑक्टोबरअखेर ग्रँटलंडही बंद पडले. २०१६ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर त्यांनी आणलेला कार्यक्रम जूनमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये गुंडाळला गेला. मुलाखतकाराच्या झगमगत्या खुर्चीत ते रमले नाहीत, प्रेक्षकही रमले नाहीत.

येथे बहुतेकांची कथा संपते. सिमन्स यांची संपली नाही, कारण त्याच वर्षी त्यांनी ‘द रिंगर’ हे स्वतःचे संकेतस्थळ काढले होते आणि जुने वाचक त्यांच्या मागोमाग आले होते. २०२० साली स्पॉटिफाय या कंपनीने ते सुमारे वीस कोटी डॉलरना विकत घेतले. पैशाचा हा आकडा मी कौतुकाने सांगत नाही. वाचक वाहिनीचा नव्हता, लेखकाचा होता, याचा तो पुरावा आहे. याची एक किंमतही पडली. सिमन्स आता क्वचितच लिहितात, ते बोलतात. ज्या दीर्घ लेखांनी त्यांना घडविले, तो प्रकार त्यांच्यापुरता मागे पडला. आवाज टिकला, लेखणी विसावली. मराठीच्या जुन्या मास्तराला याचे वाईट वाटते, हे मी लपवीत नाही.

आपल्याकडे काय? मराठी क्रीडापत्रकारितेला प्रतिष्ठा देणारे वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये १९६२ पासून खेळाला हक्काची जागा मिळवून दिली, २०२३ मध्ये ते गेले. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत बोलते केले आणि मैदानापासून शेकडो मैल दूर असलेल्या श्रोत्याला मैदानात बसविले. बडोद्यासारख्या ठिकाणी, महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणाऱ्या घरांचे या दोघांवर ऋण आहे. मात्र आपण स्वतः काय लिहिले? आपल्या गावातील मैदाने, आखाडे, खो-खोचे संघ यांविषयी आपल्या मराठीत किती पाने आहेत? पुण्या-मुंबईच्या संपादकाने बोलवावे म्हणून आपण वाट पाहत राहिलो. वाट पाहणारे ते उमेदवार आणि आपण यांत फरक काय?

म्हणून शंभराचा आकडा लक्षात ठेवण्यास सांगितले. आज आपल्या समाजात मराठी वाचणारे कमी होत आहेत, मुले दुसऱ्या माध्यमात शिकतात, ही खंत दर संमेलनात मांडली जाते. खंत खरी आहे. पण या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या नोंदवहीत शंभराहून कितीतरी अधिक नावे आहेत. एखाद्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलेले आपल्या बोलीत लिहून त्यांतील शंभर जणांना पाठविले, तर आरंभासाठी ते पुरे आहे. ते उत्तम असेलच असे नाही. परंतु ते वर्तमानपत्रातून उतरविलेले नसावे.

गुरुजींनी त्या ५७७ धावांविषयी एक ओळही लिहून ठेवली नाही. ते उत्तम शिक्षक होते, बोलत सुरेख, पण लिहायचे राहून गेले. त्या दोन तहानलेल्या तरुणांविषयी आज सांगणारा बहुधा मी एकटाच उरलो आहे, आणि माझीही सत्तरी उलटली आहे. आता या पुस्तिकेच्या निमित्ताने ते छापले जाईल, याचे मला समाधान आहे. तुमच्यापैकी प्रत्येकापाशी असा एखादा सामना असेल. तो लिहावा. लिहून झाल्यावर समासात तांबड्या शाईने गुरुजींचा प्रश्न स्वतःच स्वतःला विचारावा.